दाराआडचा हात

१

श्रीरामपुरात स्टेशनाच्या रस्त्यावर एका खाजगी दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त तपासायची लॅब आहे. आराधना अमोलिक तिथं सहा वर्षं कामाला होती. सकाळी आठला शटर वर जायचं आणि उपाशीपोटी आलेल्यांची रांग लागायची. एकेकाचा हात पुढं घ्यायचा, दंडाला पट्टा बांधायचा, बोटानं शीर चाचपायची, मग सुई. दिवसाला चाळीसेक हात तरी व्हायचे. तिला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, हात राहत. बाजारात एखादी बाई ओळखीचं हसली की ती आधी तिच्या हातांकडं बघायची, आणि मग आठवायचं की ही तर मागच्या महिन्यात हिमोग्लोबिनला आली होती.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नगरचा, जॉय रणनवरे, एमआयडीसीत सुपरवायझर. चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओळखीतून स्थळ आलं. पाच महिन्यांत दोघं सहा वेळा भेटली होती, फोन मात्र रोज व्हायचा.

लग्नाला दहा दिवस असताना फोटोग्राफर प्रवीण घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "ताई, हल्ली सगळे फर्स्ट लूक करतात. लग्नाच्या तासभर आधी नवरा-नवरी निवांत भेटतात. एकमेकांना नटलेलं पहिल्यांदा बघतात, तो चेहरा आम्ही टिपतो. चर्चमधल्या गर्दीत तो चेहरा सापडत नाही."

आराधनाची आई मरियम कप आवरत होती. ती थांबली. "वेदीपाशी बघायचं ते आधीच बघून घेतलं, मग वेदीपाशी काय बघायचं?"

"आई, आजकाल चालतं."

"चालत असेल. आपण शकून-अपशकून पाळत नाही, मलाही ठाऊक आहे. पण तुझ्या बाबांनी मला पांढऱ्या साडीत पहिल्यांदा बघितलं ते वेदीपाशी. त्यांचं तोंड मला अजून दिसतं."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मरियम कप घेऊन आत गेली.

संध्याकाळी जॉयचा फोन आला तेव्हा तिनं हे सांगितलं. तिला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "मला तुला आधी बघायचंय."

"का?"

"असंच. सगळ्यांच्या आधी, एकट्यानं. दोनशे माणसांसमोर एकदम उभं राहायचं म्हणजे…" त्यानं वाक्य सोडून दिलं. "बघ, जमलं तर."

ते अर्धं राहिलेलं वाक्य तिच्या मनात दोन दिवस राहिलं. कारण तिचंही तेच होतं. आठवडाभर रोज पहाटे जाग आली की आरशात आपलाच घाबरा चेहरा दिसायचा. आई घरात एकटी राहणार. आणि सहा भेटींत माणूस कळतो का? हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी प्रवीणनंच मधली वाट काढली. दार घ्यायचं. नवरी दाराच्या एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला. दार चार बोटं उघडायचं, फटीतून एकमेकांचा हात धरायचा, मिळून प्रार्थना करायची. बघायचं नाही. मरियमला ते पटलं. जॉय म्हणाला, "ठीक आहे. हात तर हात."

२

चर्च जुनं, काळ्या दगडाचं. वेदीच्या डाव्या अंगाला ओळीनं दोन खोल्या आहेत. वेदीला लागून पाळकांची खोली, तिथं विवाहाची नोंदवही, झगे आणि जुनी कागदपत्रं असतात. तिच्या पलीकडं मुलांच्या संडे स्कूलची खोली. दोन्हींच्या मध्ये सागवानी दार. नवरीनं संडे स्कूलच्या खोलीत थांबायचं आणि नवरदेवानं पाळकांच्या खोलीत, असं ठरलं होतं. लग्न अकराला, हात धरायची वेळ दहाची.

शनिवारी साडेनऊलाच आराधना तयार होऊन बसली. पांढरी साडी, डोक्यावर जाळीची ओढणी. नाताळात टांगलेली कागदी चांदणी अजून छताला होती. भिंतीवर मुलांनी रंगवलेली बायबलातल्या तारवाची चित्रं होती. उघड्या खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. मंडपात आचाऱ्यांनी हाक मारली म्हणून मरियम तिकडं गेली. प्रवीण कोपऱ्यात कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता.

आत्ता उठून मागच्या दारानं बाहेर पडलं आणि रिक्षा केली तर पाच मिनिटांत घर, असं तिनं मनात दोनदा मोजूनही पाहिलं.

तेवढ्यात मधल्या दारावर टकटक झाली. दोनदा, हलकी.

"आले वाटतं जिजाजी," प्रवीण उठला. त्यानं घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं आधीच. ताई, इकडं या. पाठ भिंतीला लावा. मान सरळ, डोळे मिटा. हात फक्त फटीपाशी न्या."

ती उभी राहिली. कडी पलीकडून निघाली आणि दार चार बोटं आत ओढलं गेलं. पलीकडं दिवा नव्हता.

"जॉय?" ती म्हणाली.

उत्तर आलं नाही. बोलायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण तिला वाटलं, त्यालाही धडधडत असेल.

मग हात आला. तो जरा खालून आला, तिच्या साडीला लागला. उभ्या माणसाचा हात छातीच्या उंचीवर असतो, हा गुडघ्याच्या थोडा वर होता. तिला वाकावं लागलं. बसलाय वाटतं, असं मनात म्हणत तिनं आपला हात खाली नेला आणि बोटं एकमेकांत गेली.

तिनं हळू आवाजात प्रार्थना सुरू केली. तिचं बोट सवयीनं मनगटापाशी गेलं, शिरेवर टेकलं. तिथं काही लागेना. थंडीत शिरा आत जातात, रोज लॅबमध्ये हाच घोळ असतो. तिनं बोट थोडं सरकवलं. तरी काही लागेना.

आणि त्या हातानं तिची बोटं चाचपायला सुरुवात केली. करंगळीपासून, एकेक, पेर न् पेर, जणू ती किती आहेत हे त्याला माहीत करून घ्यायचं होतं. साखरपुड्याच्या अंगठीशी तो थांबला. अंगठी त्यानं एकदा पूर्ण गोल फिरवली.

गंमत अशी की तिला भीती वाटली नाही. उलट पंधरा दिवसांची धास्ती त्या वेळी विरघळली. खांदे सैल पडले. आता काही होणार नाही, असं तिला आतून कोणीतरी सांगितल्यासारखं वाटलं. ती "आमेन" म्हणाली. हातानं एकदा घट्ट दाबलं आणि तो मागं गेला. दार अगदी सावकाश लागलं.

"फोटो क्लास आलेत, ताई," प्रवीण म्हणाला.

३

दहा वाजून पाच मिनिटांनी मरियम धापा टाकत आली. "अगं, उशीर होणार. राहुरीजवळ उसाची ट्रॉली पलटी झालीय. त्यांची गाडी तिथंच अडकलीय. अर्धा-पाऊण तास तरी लागेल म्हणतात."

"कोणाची गाडी?"

"जॉयची. दुसरी कोणाची?"

आराधनानं प्रवीणकडं पाहिलं. प्रवीणनं मान खाली घातली आणि कॅमेऱ्याची बटणं दाबू लागला.

तिनं फोन लावला. जॉयनं लगेच उचलला. मागं हॉर्न वाजत होते, कोणीतरी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होतं.

"कुठे आहेस?"

"राहुरीच्या अलीकडं. लाईन लागलीय गाड्यांची. मी खाली उतरलोय." त्याचा आवाज कोरडा होता. "आराधना, तू ठीक आहेस ना?"

"हो," ती म्हणाली. "ये सावकाश."

फोन ठेवल्यावर ती आपल्या उजव्या हाताकडं बघत बसली. तिचं डोकं चालू लागलं. वराकडच्या पाहुण्यांची एक जीप नऊलाच आली होती. त्यातल्या कोणा दिराला, भाच्याला थट्टा सुचली असेल. लग्नघरात असले प्रकार होतात. करवल्या चपला लपवतात, तसं हे. मेलं, पण अंगठी कशाला फिरवायची?

"प्रवीण, पलीकडं कोण होतं?"

"मला काय माहीत, ताई? मी तर ह्याच बाजूला होतो. टकटक आतून झाली म्हणून मला वाटलं…"

"फोटो दाखव."

त्यानं कॅमेरा पुढं केला. सात फोटो होते. पहिल्यात पुरुषाचा हात होता, रुंद, बोटांच्या सांध्यांवर केस. मनगटाच्या मागं शर्टाची बाही दिसायला हवी होती, तिथं फक्त अंधार होता. तिसऱ्या फोटोत तोच हात थोडा निमुळता वाटत होता. कोन बदलला असेल, तिनं मनाशी म्हटलं. पाचव्यात बोटं लांबट आणि गुळगुळीत होती.

सातवा फोटो प्रवीणनं मोठा केला आणि मग कॅमेरा तिच्या हातातच सोडून दिला. दोन हात एकमेकांत गुंतलेले होते. दोन्ही बायकांचे, सडसडीत. दोन्हींच्या अनामिकेत एकसारखी अंगठी. यातला आपला कुठला, ते तिला सांगता येईना.

"उजेडाचा प्रॉब्लेम आहे," प्रवीण म्हणाला. "सावली पडते. मी डिलीट करतो."

"राहू दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. कर."

४

चर्चची देखरेख अब्राहामकाका करायचे. सत्तरीचे, कान थोडे जड, चाव्यांचा जुडगा कायम कमरेला. ते वेदीपाशी फुलदाण्या लावत होते. आराधना ओढणी सावरत त्यांच्याकडं गेली.

"काका, पाळकसाहेबांच्या खोलीत सकाळपासून कोण गेलंय?"

"कोन जानार? व्हरांड्याकडनं कुलूप हाय, ह्या वेदीच्या बाजूनं मीच कडी लावलीय. नवरदेव आला का उघडायची, आसं ठरलंय."

"मला बघायचीय."

त्यांनी तिच्या पोशाखाकडं पाहिलं, लग्नाला अर्धा-पाऊण तास उरलेल्या नवरीला एवढ्यात तिथं काय बघायचंय असं त्यांच्या तोंडावर होतं. पण त्यांनी कडी काढली आणि दिवा लावला.

खोली लहानच होती. टेबल, त्यावर नोंदवही आणि शाईचं पेन. खुंटीला दोन झगे. कपाट, खुर्ची. व्हरांड्याकडचं दार तिनं ओढून पाहिलं, बाहेरून कुलूप होतं. खिडकीला गज. झग्यांच्या मागं तिनं हात घातला, भिंत लागली. कोणी नव्हतं आणि कोणी असायला जागाही नव्हती.

मधल्या दारापाशी एक स्टूल होतं. संडे स्कूलमध्ये पहिलीतल्या मुलांना बसायला असतं तसलं, वीतभर उंचीचं. ते दाराला अगदी चिकटून ठेवलेलं होतं.

"ह्ये हितं कुनी आनलं?" अब्राहामकाका म्हणाले. त्यांनी ते उचललं आणि बगलेत मारून नेलं. दुसरं काही त्यांना वावगं दिसलं नाही.

आराधना तिथं क्षणभर उभी राहिली. ही खोली आपण तपासली आहे, तिनं स्वतःला बजावलं. रिपोर्ट निल आहे. लॅबमध्ये काचेखाली जे दिसतं ते असतं, जे दिसत नाही ते नसतं. सहा वर्षं ती याच हिशेबानं जगली होती.

पण संडे स्कूलच्या खोलीत परत जायला तिचे पाय तयार होईनात.

"आई, मी गाडीत बसते," ती मरियमला म्हणाली. "इथं गुदमरल्यासारखं होतंय. आणि ते हात धरणं वगैरे नको आता. सरळ वेदीपाशीच बघू."

मरियमचा चेहरा उजळला. "मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होते."

गाडीत बसल्यावर तिनं जॉयला मेसेज टाकला: दारापाशी थांबू नकोस. मी तिथं नाही. सरळ आत ये. मेसेज गेला, पण त्यानं वाचला नाही. फोन त्याच्या भावाकडं, डॅनीकडं दिला असेल म्हणून तिनं डॅनीलाही लावून पाहिला. रिंग वाजत राहिली.

५

गाडी फाटकाच्या आत, कडुलिंबाखाली उभी होती. मागच्या काचेतून व्हरांडा दिसत होता.

अकराला पाच मिनिटं कमी असताना नगरची गाडी आली. पुढून डॅनी उतरला आणि अंगठ्यांची डबी घेऊन धावतच चर्चमध्ये गेला. मागून जॉय उतरला. बदामी सूट, कॉलरला पांढरं फूल. तो उतरून तसाच उभा राहिला, एक हात गाडीच्या दारावर. चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं फाटकाकडं पाहिलं. आत येणाऱ्याचं ते बघणं नव्हतं.

"बघू नकोस," मरियमनं तिचं डोकं हलकेच पुढं वळवलं. "आता दहा मिनिटांचा प्रश्न."

"आई, मला त्याच्याशी बोलायचंय."

"काय बोलायचंय?"

काय बोलायचं होतं? त्या खोलीत जाऊ नकोस. का? तिथं कोणी नाही. मी स्वतः बघून आले, तिथं कोणीच नाही, म्हणून जाऊ नकोस. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगितलं तर ह्या चेहऱ्याचा माणूस काय करेल? तो गाडीत परत बसेल. तिनं ते त्याच्या उभं राहण्यात पाहिलं होतं. पंधरा दिवस रोज पहाटे आरशात बघितलेलं ओळखायला तिला वेळ लागला नव्हता.

तिनं पुन्हा मान वळवली. अब्राहामकाका व्हरांड्यात आले होते. कुलूप काढून त्यांनी पाळकांच्या खोलीचं दार उघडलं आणि जॉयला हातानं खूण केली. जॉय पायऱ्या चढला. उंबऱ्यावर थोडा थबकला आणि आत गेला. काका बाहेरूनच दार ओढून घेऊन निघून गेले.

आराधनानं गाडीच्या दाराच्या कडीवर हात ठेवला. दाबला नाही.

तिथून पुढं बारा मिनिटं गेली. ती घड्याळाकडं बघत होती म्हणून तिला नक्की माहीत आहे. व्हरांडा रिकामा होता. एक कुत्रं पायऱ्यांपर्यंत आलं, दाराकडं पाहून कान पाडून उभं राहिलं आणि आलं तसं पाठ न फिरवता मागं मागं सरकत गेलं. मरियम तिच्या ओढणीच्या टाचण्या नीट करत काहीतरी बोलत होती, त्यातलं अक्षरही तिच्या कानात शिरलं नाही.

मग घंटा झाली.

६

मरियमनंच तिला वेदीपर्यंत नेलं. दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती, मोबाईल वर धरलेले. आराधनानं समोर पाहिलं.

जॉय डॅनीच्या शेजारी उभा होता. तिला बघून त्याचे डोळे भरले. मघाची राख चेहऱ्यावरून पार धुऊन गेली होती. आईनं सांगितलेलं ते तोंड असंच असेल, तिच्या मनात आलं, आणि पुढच्याच पावलाला मनात आलं की हा इतका शांत का आहे.

ती शेजारी जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी तिनं फुलांचा गुच्छ धरला होता. जमलेल्या सगळ्यांनी गीत सुरू केलं. पेटीच्या आवाजाआड जॉय तिच्याकडं झुकला.

"तुला एक सांगायचंय. नंतर धीर होणार नाही. राहुरीला मी गाडीतून उतरलो होतो ना, तो परत जायलाच. डॅनीनं धरून बसवलं. इथं उतरलो तरी तेच मनात होतं."

तिची बोटं गुच्छाच्या देठांवर आवळली.

"तू दारापाशी आली नसतीस तर मी गेलो असतो. खरंच सांगतो. हात हातात आला आणि सगळं खाली बसलं. किती वेळ धरून ठेवला होतास."

"जॉय," ती म्हणाली. "मी काही बोलले का?"

"विसरलीस? शेवटी म्हणालीस ना. 'बघू नकोस, मी तुमच्याकडं येणारच आहे.'" तो किंचित हसला. "तुमच्याकडं म्हणालीस. मला अहो-जाहो करायला आजपासूनच सुरुवात?"

गीत संपलं. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं.

७

"ह्या दोघांचा विवाह होऊ नये असं योग्य कारण कोणास ठाऊक असेल," पाळकसाहेबांनी वाचलं, "तर त्यानं ते आताच सांगावं."

रिवाजाप्रमाणे ते थांबले. कुठं एक लहान मूल चुळबुळलं, कोणीतरी खोकलं.

कारण तिला ठाऊक होतं. म्हणजे काय ठाऊक होतं? ज्या धीरावर हा माणूस इथवर चालत आला तो धीर तिनं दिलेला नव्हता. आणि तिचाही त्याच हातानं दिलेला होता. दोघंही पळून जाणार होती आणि कोणीतरी दोघांना एकेक करून थांबवलं होतं. कशासाठी? तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि तिची नजर पाळकसाहेबांच्या खांद्यावरून पलीकडं गेली.

पाळकांच्या खोलीचं वेदीकडचं दार थोडं उघडं होतं. जॉय त्याच दारानं बाहेर आला असणार, कडी लावायची राहिली असणार. आत अंधार होता. दाराच्या कडेवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, चार बोटं होती.

सडसडीत बोटं, बायकी. अनामिकेत अंगठी.

आराधनानं गुच्छाखाली स्वतःचं बोट चाचपलं. अंगठी जागेवर होती.

तिनं जॉयकडं पाहिलं. तो तिकडंच बघत होता. मग त्यानं खाली पाहिलं, तिच्या हातांकडं. एक हात, दुसरा हात. दोन्ही गुच्छावर. त्यानं पुन्हा दाराकडं पाहिलं, पुन्हा खाली. त्याच्या ओठांचा रंग उतरताना तिला दिसला. आता त्यालाही कळलं होतं.

पाळकसाहेब पुस्तकातून वर बघायच्या बेतात होते. डॅनीनं भावाच्या पाठीवर हात ठेवला, त्याला वाटलं चक्कर येतेय. जॉय एक पाऊल मागं सरकला. त्याच्या मागं उघडा रस्ता होता, खुर्च्यांच्या मधून सरळ बाहेरच्या उन्हापर्यंत. तिनं त्याला अडवलं नाही. अडवायला तिच्याजवळ आता काही नव्हतं. गाडीत बसून बारा मिनिटं आपण कडी दाबली नाही, एवढंच तिला आठवत होतं.

"मी नव्हते," ती फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली. "दारापाशी मी नव्हते, जॉय. मी गाडीत होते. तू आत जाताना मला दिसला होतास. मी हाक मारली नाही."

तो तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. किती वेळ ते तिला सांगता येणार नाही, लोकांना ते दोन-चार सेकंद वाटले असतील. मग तो मागं सरकलेलं पाऊल पुढं आला. हातात हात द्यायची वेळ अजून झाली नव्हती. तरी त्यानं तिच्या हातातला गुच्छ काढून डॅनीकडं दिला. तिचा उजवा हात उलटा केला, सुलटा केला, नीट पाहिला, आणि धरला. त्याचा हात घामानं भिजलेला होता आणि मनगटावरची शीर तिच्या बोटाखाली धडधडत होती. त्यात धीर देण्यासारखं काही नव्हतं.

"पुढं चला, साहेब," तो पाळकांना म्हणाला.

दाराच्या कडेवरची बोटं आत वळली. एकेक करून, करंगळीपासून. जणू त्यांच्या मुठीतही काही आलं होतं.

८

वचनं झाली, अंगठ्या झाल्या. आशीर्वाद झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "चला, आत सह्या करून घेऊ."

"बाहेरच करू," आराधना आणि जॉय एकदम म्हणाले. माणसं हसली.

पाळकसाहेबही हसले. "बरं. अब्राहाम, वही इकडं आण."

अब्राहामकाका त्या दारानं आत गेले. दिवा लागलेला दिसला नाही. वही टेबलावर होती, टेबल दारापासून चार पावलांवर. मरियम डोळे पुसत कोणाशी बोलत होती. पेटीवाला पुढचं गीत शोधत होता. आराधना दाराकडं बघत होती, आणि जॉयचा हात तिनं सोडला नव्हता.

बऱ्याच वेळानं काका आले. वही त्यांनी डाव्या बगलेत धरली होती. उजवा तळहात ते पँटवर पुसत होते. वही वेदीसमोरच्या मेजावर ठेवली तरी पुसत राहिले.

"काका," आराधना हळूच म्हणाली, "आत कोणी आहे?"

"न्हाई, कोनी न्हाई," ते म्हणाले. मान वर न करता. "तू सही कर, पोरी. आन् घरी जा."

तिनं सही केली. जॉयनं केली. साक्षीदार म्हणून मरियमनं आणि डॅनीनं केली. काकांनी वही मिटली, पण ती ठेवायला ते परत आत गेले नाहीत. बगलेत घेऊन बाहेरच्या उन्हात जाऊन उभे राहिले.

जॉयनं त्या दाराकडं पाहिलं. "मी एकदा बघून येऊ का?"

"नको."

"बघितलं तर निदान कळेल तरी."

"मी बघितलंय. खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "चल."

दोघं मधल्या रस्त्यानं निघाली. दोन्ही बाजूंनी फुलं पडत होती, प्रवीण पुढं उलटा चालत फोटो काढत होता. "ताई, इकडं बघा. ताई, एकदा कॅमेऱ्याकडं." तिनं बघितलं नाही. दारापर्यंत, पायऱ्यांवर, गाडीपर्यंत ती जॉयच्या चेहऱ्याकडंच बघत होती, तोही तिच्याकडं. दोघांपैकी कोणाचीही पापणी हलत नव्हती. अल्बममध्ये एकही फोटो असा नाही ज्यात त्यांची नजर दुसरीकडं आहे.

ते फोटो आजही श्रीरामपुरात लोक एकमेकांना दाखवतात. एवढं प्रेम हल्ली बघायला मिळत नाही, असं म्हणतात.

गाडी सुरू झाली. मरियमनं खिडकीतून आत वाकून लेकीच्या गालाला हात लावायला हात पुढं केला.

"आई," आराधना म्हणाली, "आधी समोर ये. मला तुझं तोंड दिसू दे."